झाडावर ऑर्किड बांधलं तर झाड मरतं का? आणि ते ऑर्किड येतं कुठून?

मे महिना संपत आला, की मोबाईलवर दोन प्रकारचे व्हीडिओ फिरायला लागतात. पहिल्यात कुणीतरी घाटाच्या वाटेवर गाडी थांबवून फांदीवरून लोंबणारा गुलाबी-पांढरा फुलांचा घोस दाखवतं. हीच ती 'सीतेची वेणी'. दुसऱ्यात तसंच एखादं रोप अंगणातल्या आंब्याला सुतळीने बांधलं जातं, वर छानसं गाणं लावलेलं असतं आणि खाली कमेंट्सचा पाऊस.

त्या कमेंट्समध्ये तीन गोष्टी हमखास सापडतात. "अहो, हे बांडगूळ आहे, झाड खाऊन टाकेल." "सुतळी कशाला, एक खिळा ठोका, पक्कं बसतं." आणि, "आम्ही मागच्या रविवारी जंगलातून आणलं, तुम्हीपण आणा."

तिन्ही कमेंट्स चुकीच्या आहेत. पहिली विज्ञानाची चूक आहे, दुसरी हाताची, आणि तिसरी कायद्याची. पण या सगळ्यात एक चौथी गोष्ट राहून जाते, जिच्याबद्दल कुणीच व्हीडिओ करत नाही. ती पुढे येईलच.

बांडगूळ आणि ऑर्किड यांच्यात फरक काय?

मराठीत झाडावर उगवलेल्या कशालाही बांडगूळ म्हणायची सवय आहे. राजकारण्यांनी तर हा शब्द शिवी म्हणून इतका वापरलाय, की झाडावर काही हिरवं दिसलं की हात आपोआप कोयत्याकडे जातो. कोकणात आणि घाटमाथ्यावर आंब्या-फणसाची साफसफाई करताना अनेकदा ऑर्किडही याच नावाखाली खरवडून टाकलं जातं.

खरं बांडगूळ ही परजीवी वनस्पती. ती आपली मुळासारखी शोषकांगं फांदीच्या आत घुसवते आणि झाडाचं पाणी व क्षार पिते. पक्ष्यांनी, मुख्यतः फुलटोच्याने, तिची चिकट बी फांदीवर सोडलेली असते. आंब्यावर बांडगूळ माजलं तर उत्पन्न घटतं, हे बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

ऑर्किड, म्हणजे मराठीत आमरी, यातलं काहीच करत नाही. ती झाडावर फक्त बसते. तिची मुळं सालीला धरून ठेवतात, आत शिरत नाहीत. अशा वनस्पतींना मराठी विश्वकोशात 'अपिवनस्पति' म्हटलंय. ऑर्किडच्या मुळांवर एक पांढुरकं, स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस पडला की ते पाणी शोषून हिरवट दिसू लागतं, वाळलं की पुन्हा पांढरं. सालीच्या खाचेत साठलेला पालापाचोळा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि वरून ओघळणारं पावसाचं पाणी एवढ्यावर तिचं भागतं. अन्न ती स्वतःच्या पानात तयार करते.

ओळखायची सोपी खूण अशी. रोप फांदीला जिथे चिकटलंय तिथे बघा. बांडगूळ असेल तर त्या जागी फांदी गाठीसारखी सुजलेली असते आणि दोन्हींचं लाकूड एकमेकांत मिसळलेलं असतं. आमरी असेल तर जाडसर दोऱ्यांसारखी मुळं सालीवरून पसरलेली दिसतात. ती नखाने उचलता येतील इतकी वरवर असतात. (उचलून बघू नका, तुटतात.)

अपिवनस्पती म्हणजे फक्त ऑर्किड नव्हेत. पावसाळ्यात जुन्या झाडांच्या खोडावर मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसणारं बाशिंग नावाचं नेचं, शेवाळं आणि दगडफूल हीसुद्धा झाडाच्या अंगावर फक्त मुक्काम करतात. जगभरात अशा वनस्पतींच्या सुमारे २८ ते ३१ हजार जाती मोजल्या गेल्यात. म्हणजे वाहिन्या असलेल्या दर दहा वनस्पतींमागे जवळपास एक. यातल्या बहुसंख्य ऑर्किड कुळातल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये देशातल्या ऑर्किडची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा १,२५६ जाती भरल्या. त्यातल्या ७५७ झाडांवर राहणाऱ्या आणि ३८८ भारताबाहेर कुठेही न सापडणाऱ्या.

जाता जाता बांडगुळाचीही बाजू घ्यायला हवी. लाल-पिवळ्या ठिपक्यांचं 'हळदीकुंकू' फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्याच पानांवर घालतं. सगळी बांडगुळं खरवडली तर ते फुलपाखरूही दिसायचं नाही.

मग झाडाला काहीच त्रास होत नाही का?

होतो, पण क्वचित, आणि वेगळ्या कारणाने. फांदीवर वर्षानुवर्षं नेचे, शेवाळं, ऑर्किड आणि त्यांच्यात अडकलेली माती साठली, की पावसात भिजून वजन वाढतं. आधीच पोखरलेली फांदी अशा वेळी वाऱ्यात मोडू शकते. काही वनस्पतिशास्त्रज्ञ आणखी एक मुद्दा मांडतात. पावसाच्या पाण्याबरोबर जे क्षार झाडाच्या बुंध्यापर्यंत पोहोचले असते, त्यातला वाटा या वरच्या मंडळी आधीच उचलतात. पण याने धडधाकट झाड वठलं असं सहसा होत नाही.

गैरसमज पसरायचं खरं कारण वेगळं आहे. वठत चाललेल्या झाडाची पानं गळतात, आत ऊन शिरतं आणि त्या उन्हामुळे अपिवनस्पती जोमाने वाढतात. बघणाऱ्याला वाटतं, यांच्यामुळेच झाड मेलं. अमेरिकेत टिलँडसिया रिकर्व्हाटा नावाच्या गोळ्यासारख्या वनस्पतीवर नेमका हाच आरोप होतो. गंमत म्हणजे तीच वनस्पती तिथे विजेच्या तारांवरही खुशाल वाढते. तारेतून शोषून घेण्यासारखं काय असणार?

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. वड, पिंपळ यांचं रोपही दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात अपिवनस्पती म्हणूनच सुरू होतं. पण त्याची मुळं जमिनीपर्यंत पोहोचली की ते यजमानाला वेढून टाकतं. अंगणातल्या आंब्याच्या खाचेत पिंपळ दिसला तर तो लहान असतानाच काढलेला बरा.

बांधायचं कसं? खिळा का नको?

एका खिळ्याने झाड मरत नाही, हे आधी मान्य करू. पण खिळा म्हणजे सालीला पडलेलं भोक. त्यातून पाणी आणि बुरशी आत जाते, लाकूड कुजायला लागतं, आणि वर्षानुवर्षं पाट्या, दिव्यांच्या माळा, जाहिराती यांचे खिळे साचत गेले की नुकसान दिसू लागतं. पुण्यातून सुरू झालेल्या 'खिळेमुक्त झाडं' मोहिमेतल्या स्वयंसेवकांनी रस्त्याकडेच्या झाडांतून असे ढिगाने खिळे उपसून काढले होते. शिवाय महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातल्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येतच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. कापण्यासाठी निसर्गप्रेम पुरेसं नाही तसं ठोकण्यासाठीही नाही.

खिळ्यापेक्षा धोकादायक गोष्ट म्हणजे खोडाभोवती आवळलेली तार. सालीच्या लगेच आत जो थर असतो, त्यातून पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं. खोड जाड होत जातं, तार मात्र तेवढीच राहते. दोन-चार वर्षांत ती सालीत रुतते आणि हा रस्ता सगळीकडून बंद होतो. मुळं उपाशी राहतात आणि झाड खालून मरायला लागतं. रीलमध्ये हे दिसत नाही, कारण रील पहिल्या दिवशीच संपतो.

मग काय वापरावं? सुतळी, काथ्या किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्याची पट्टी. सुतळी एक-दोन पावसाळ्यांत कुजून गळून पडते, तोवर मुळांनी सालीचा ताबा घेतलेला असतो. मोज्याची पट्टी ताणली जाते, म्हणून झाडाला आवळत नाही. पण ती कुजत नाही, त्यामुळे मुळं धरल्यावर आठवणीने कापून काढावी लागते. रोप इतकं घट्ट बांधायचं की वाऱ्याने हलणार नाही. हलत राहिलं तर मुळांची कोवळी टोकं घासली जातात आणि पकड कधीच बसत नाही. रोपाच्या बुडाशी ओल्या शेवाळ्याचा किंवा नारळाच्या सोडणाचा पातळसा थर पुरतो. जाड गोळा भरला की पावसाळ्यात मुळं कुजतात. कुंडीतली माती तर अजिबात नको. ऑर्किड मरण्याचं घरोघरचं कारण तहान नसतं, माती असतं.

वेळ कोणती? मुळांना हिरवी कोवळी टोकं फुटायला लागली की. आपल्याकडे हे साधारण वळवाच्या पावसापासून जुलैपर्यंत. ऑक्टोबरात बांधलेल्या रोपाला मुळं धरायच्या आतच कोरडी हवा गाठते.

झाड खरखरीत सालीचं हवं. आंबा, फणस, जांभूळ, चाफा, चिकू चालतात. जंगलात ऐनाच्या भेगाळलेल्या, सुसरीच्या पाठीसारख्या सालीवर ऑर्किड छान रुजतात. पेरू, निलगिरी, अर्जुन ही झाडं साल टाकतात, त्यांच्यावर बांधलेलं रोप एक दिवस सालीसकट खाली येतं. जागा अशी निवडायची जिथे सकाळचं ऊन गाळून येईल आणि दुपारचं थेट पडणार नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना झाडाऐवजी लाकडाचा तुकडा पुरतो. सागाचा किंवा आंब्याचा सालीसकट ओंडका, नारळाचं सोडण, वाळकी वेल, काहीही. लाकूड मेलेलं असल्यामुळे तिथे खिळा खुशाल मारा. फक्त रंग, वॉर्निश किंवा वाळवीचं औषध लावलेलं लाकूड टाळा. ऑर्किडप्रेमींमध्ये वृक्षनेच्याच्या खोडाच्या फळ्यांना मोठी मागणी असते, कारण त्या पाणी छान धरतात. पण वृक्षनेचे अत्यंत सावकाश वाढतात आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'सायटिस' कराराच्या नियंत्रणाखाली आहे. ऑर्किड वाचवायला वृक्षनेचा कापायचा, हा व्यवहार काही पटत नाही.

लाकडावरच्या रोपाला कुंडीपेक्षा जास्त वेळा पाणी लागतं. पावसाळ्यात काही करायला नको, पण मार्च ते मे रोज सकाळी फवारा मारावा लागेल. हे जमणार नसेल तर आधीच विचार करा. कोकणात आणि घाटाच्या कडेला हे सगळं सोपं आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नाजूक जाती टिकत नाहीत. तिथे रास्ना म्हणून ओळखली जाणारी वांडा टेसेलाटा ही आपली चिवट देशी आमरी त्यातल्या त्यात तग धरते.

पण रोप आणायचं कुठून?

खरी अडचण इथे आहे. 'आम्ही जंगलातून आणलं' हे वाक्य कमेंटमध्ये इतक्या सहज येतं, जणू रस्त्यावरचा दगड उचलला.

ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण ही बी म्हणजे धुळीचा कण. तिच्यात गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यासारखा अन्नाचा साठाच नसतो. रुजायचं तर सालीवर नेमकी योग्य बुरशी भेटावी लागते. ती बुरशी तिला पहिलं अन्न पुरवते. त्यामुळे लाखांतली एखादीच बी रोप बनते आणि त्या रोपाला पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात. तुम्ही फांदीवरून जे फुललेलं रोप ओढून काढता, ते या सगळ्या लॉटरीत जिंकलेलं एकुलतं एक तिकीट असतं. ओढताना त्याची सालीला चिकटलेली निम्मी मुळं तिथेच राहतात. शहरात येईपर्यंत उरलेली सुकतात. फूल आठवडाभर टिकतं, फोटो निघतो, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी रोप कचऱ्यात.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र पुरेसं स्पष्ट आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार जंगलात मिळणारी किंवा जंगलातून आणलेली झाडंच नव्हे, तर वेली, गवत, शेवाळं, फुलं ही सगळी वनोपज ठरते. राखीव वनातून ती विनापरवाना नेणं हा गुन्हा आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. त्याच कायद्यात काही ऑर्किडना, उदाहरणार्थ ईशान्येकडच्या निळ्या वांडाला, नाव घेऊन संरक्षण दिलंय. शिवाय सगळं ऑर्किड कुळच सायटिसच्या परिशिष्टांत आहे, त्यामुळे देशाबाहेर पाठवायचं तर परवानगी हवी. परदेशातल्या नातेवाइकांसाठी बॅगेत टाकून न्यायचा विचार मनात असेल तर तोही सोडून द्या.

"पण मी तोडलं नाही, पडलेल्या फांदीवरून उचललं." हा युक्तिवादही जंगलात चालत नाही. पडलेली फांदीसुद्धा वनोपजच असते. तिथे फांदीवरची आमरी वाचवायची असेल तर वनरक्षकाला सांगणं आणि त्याच्या संमतीने शेजारच्याच झाडाला ती बांधून ठेवणं हा सरळ मार्ग आहे.

मग पर्याय? नर्सरीत मिळणारी डेंड्रोबियमची संकरित रोपं. ती प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने तयार केलेली असतात, स्वस्त असतात, आणि मुंबई-कोकणच्या हवेत झाडावर उत्तम वाढतात. देशी जातीच हव्या असतील तर विक्रेत्याला विचारा, रोप कसं तयार केलं. आठवडी बाजारात सालीच्या तुकड्यासकट, वेड्यावाकड्या तुटलेल्या मुळांचं, जून पानांचं रोप दिसलं तर ते जंगलातून ओढलेलं आहे हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. विकणाऱ्या बाईला त्यातून मिळणारे पैसे फार नसतात आणि दोषही तिच्या एकटीचा नसतो. मागणी आपल्या रील्सनी तयार केलेली आहे.

आणि ते अननसासारखं दिसणारं? एअर प्लांट?

ब्रोमेलियाड म्हणजे अननसाचं कुळ. साडेतीन हजारांहून अधिक जाती, आणि पश्चिम आफ्रिकेतली एक जात सोडली तर सगळ्या अमेरिका खंडातल्या. म्हणजे आपल्या जंगलाचा आणि यांचा काही संबंध नाही, त्या फक्त शोभेच्या. टिलँडसिया, ज्यांना दुकानदार 'एअर प्लांट' म्हणतात, त्याही याच कुळातल्या. पानांवरच्या चंदेरी खवल्यांनी त्या पाणी पितात, मुळांचं काम फक्त धरून ठेवणं. 'पाणी लागत नाही, हवेवर जगतं' ही जाहिरात मात्र शुद्ध थाप आहे. एसीच्या खोलीत पाण्याविना ठेवलेलं एअर प्लांट मरतं, फक्त मेलेलं दिसायला त्याला काही महिने लागतात.

यांना लाकडावर बसवताना तांब्याची तार वापरू नका. शोभिवंत दिसते म्हणून बरेच जण वापरतात, पण तांबं या कुळाला विषासमान आहे. तांबंयुक्त बुरशीनाशकही नको.

दुसरा प्रश्न डेंग्यूचा. काही ब्रोमेलियाडच्या पानांच्या मधोमध पेल्यासारखी जागा असते, तिथे पाणी साठतं. त्यात डास होतात का? उत्तर शहरागणिक बदललंय. रिओ दि जानेरोच्या वनस्पती उद्यानात संशोधकांनी ब्रोमेलियाडमधल्या अळ्या तपासल्या, तेव्हा डेंग्यूच्या एडिस डासाच्या अळ्या एक टक्क्याहूनही कमी निघाल्या. बाकीच्या स्थानिक निरुपद्रवी डासांच्या होत्या. उलट फ्लोरिडातल्या मायामी-डेड परगण्यात शोभेच्या ब्रोमेलियाडमध्ये एडिस मोठ्या प्रमाणात सापडले. २०१६ मध्ये झिकाची साथ आली तेव्हा मायामी बीच शहराने सार्वजनिक जागेतली ब्रोमेलियाड उपटून काढली होती. फरकाचं एक संभाव्य कारण असं, की ब्राझील हे या वनस्पतींचं घर आहे. तिथल्या पाण्याच्या पेल्यात इतर कीटकांची आधीच गर्दी असते, एडिसला जागा सहज मिळत नाही. आपल्या गॅलरीतली परिस्थिती रिओपेक्षा मायामीच्या जवळची मानलेली बरी. आठवड्यातून एकदा रोप उलटं करून पाणी ओतून टाकायचं, मनी प्लांटच्या बाटलीचं जसं करतो तसंच.

आणि परदेशातून रोप गुपचूप मागवू नका, हे सांगायलाही फ्लोरिडाचंच उदाहरण आहे. मेक्सिकोतून आलेल्या ब्रोमेलियाडसोबत एक सोंडकिडा तिथे पोहोचला. १९८९ मध्ये तो पहिल्यांदा आढळला. त्याने जंगलातल्या देशी ब्रोमेलियाड पोखरून काढल्या आणि एकेकाळी सर्वत्र दिसणारी जात तिथल्या राज्याच्या संकटग्रस्त यादीत गेली.

ज्याचा व्हीडिओ कुणी करत नाही

आता सुरुवातीला राहिलेली चौथी गोष्ट. जंगलातून चार रोपं ओढणारा पर्यटक दोषी आहेच. पण एक जुना आंबा किंवा वड कापला जातो, तेव्हा त्याच्या अंगावरच्या सगळ्या वस्तीचा हिशेब एका दुपारी संपतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची अशी जुनी झाडं हजारोंनी गेली. किती झाडं कापली याचे आकडे निघतात, त्यावर याचिका होतात. त्यांच्या फांद्यांवर काय होतं, याचा आकडा कुठेच नाही. तो असणारही नाही, कारण कुणी मागितलेलाच नाही.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्यानुसार शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. त्यात झाड मोजलं जातं, झाडावरचं नाही. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षांहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं गेलं, आणि कापलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. साठ वर्षांचं झाड तोडलं तर साठ रोपं. पूर्वीपेक्षा हे निश्चितच बरं आहे. पण हिशेब अजूनही नगांचाच आहे.

एक साठ वर्षांचं झाड म्हणजे साठ एक-वर्षाची झाडं नव्हेत. नव्या रोपाची साल गुळगुळीत असते. तिच्यावर आधी दगडफूल धरतं, मग शेवाळं, त्यात धूळ-पाला साठतो, मग नेचं येतं, योग्य बुरशी पोहोचते आणि तेव्हा कुठे एखादी ऑर्किडची बी रुजू शकते. हा क्रम घाईने उरकता येत नाही. नुकसानभरपाई म्हणून लावलेली रोपं जगलीच, तरी त्यांच्या फांद्या या वस्तीला तयार व्हायला दोन-तीन दशकं जातील. तोवर आसपास बी द्यायला एकही जुनी आमरी उरलेली नसेल, तर तयार फांद्याही रिकाम्याच राहतील.

यावर उपाय अवघड नाही, आणि म्हणूनच तो होत नाही याचं आश्चर्य वाटतं. अख्खं झाड पुनर्रोपित करायला यंत्रं, खड्डे, लाखोंचा खर्च लागतो आणि अनेकदा ते झाड वठतंच. झाडावरची आमरी हलवायला लागतात शिडी, धारदार सुरी आणि सुतळी. झाड कापायच्या आधी किंवा आडवं झाल्यावर लगेच, सालीच्या तुकड्यासकट रोप काढायचं आणि त्याच परिसरातल्या त्याच जातीच्या दुसऱ्या जुन्या झाडाला बांधायचं. मुळं सालीला चिकटलेलीच राहत असल्यामुळे असं रोप ओढून काढलेल्या रोपापेक्षा कितीतरी चांगलं जगतं.

सिंगापूरने याच्या पुढची पायरी गाठली. तिथल्या बहुतेक देशी ऑर्किड जंगलतोडीत नाहीशा झाल्या होत्या. तिथल्या वनस्पती उद्यानाने १९९५ मध्ये उरलेल्या जातींच्या बिया प्रयोगशाळेत रुजवायला सुरुवात केली आणि तयार झालेली रोपं उद्यानांत, रस्त्याकडेच्या झाडांवर बांधली. जगातल्या सर्वांत मोठ्या ऑर्किडपैकी एक असलेली 'टायगर ऑर्किड' आज तिथे भर शहरात फुलते. त्यावरून प्रेरणा घेऊन मायामीजवळच्या फेअरचाइल्ड उद्यानाने दहा लाख ऑर्किडचा प्रकल्प हाती घेतला. तिथली कथाही ओळखीची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे आली आणि दक्षिण फ्लोरिडाच्या झाडांवरची ऑर्किड ओरबाडून डबे भरभरून उत्तरेला विकली गेली. आता शाळेतली मुलं बाटल्यांत रोपं वाढवतात आणि शाळेबाहेरच्या झाडांना बांधतात.

आपल्याकडे बाटलीत रोप वाढवणाऱ्या प्रयोगशाळा, वनस्पतिशास्त्र विभाग असलेली महाविद्यालयं, आणि आसामसारखं जवळचं उदाहरणही आहे. तिथे हीच सीतेची वेणी 'कोपौ फूल' म्हणून राज्यफूल आहे आणि बिहूला मुली ते केसांत माळतात. कमी आहे ती एक ओळ. वृक्ष प्राधिकरण झाड तोडायची परवानगी देताना अटी घालतंच. त्यात 'तोडण्यापूर्वी झाडावरील अपिवनस्पतींची पाहणी व स्थलांतर' एवढी अट आली तर खर्च ठेकेदाराच्या हिशेबात दिसणारही नाही.

ती येईपर्यंत नागरिकांच्या हातात एक गोष्ट आहे. झाड तोडण्याआधी त्यावर सूचना लावून हरकती मागवल्या जातात. तुमच्या रस्त्यावर अशी सूचना दिसली तर मान वर करून फांद्या बघा, फोटो काढा, आणि लेखी हरकतीत झाडासोबत त्यावरच्या वनस्पतींचाही उल्लेख करून स्थलांतराची मागणी करा. झाड वाचेल की नाही सांगता येत नाही. पण परवानगी मिळालीच, तर कापणीच्या दिवशी कोण, कुठल्या झाडावर, किती रोपं बांधणार हे त्या अर्जामुळे आधी ठरवावं लागेल. हे काम पावसाळ्याच्या तोंडाशी झालं तर सर्वांत चांगलं, कारण बांधलेल्या आमरीला नवी मुळं धरायला एक पूर्ण पावसाळा लागतो.